कानापुरतं

गुदैबियात, सोफे शिवणाऱ्याच्या दुकानावर
वर्ग भरतो, शुक्रवारी, नमाज सुटल्यावर.
जिन्यात रेक्झिनचा वास, वर टर्पेंटाइनचा.
पहिल्या दिवशी बतूलबाईंनी माझ्यापुढे अंडं ठेवलं.
एक. पांढरं. पांढऱ्या कापडावर.
म्हणाल्या, काढ.

एकवीस वर्षं मी डक्ट काढतोय,
मॉलचे, इस्पितळांचे, एकदा एका महालाच्या तळघराचेही.
माझी रेघ मिलिमीटरला जागते.
पाच मिनिटांत अंडं उरकलं.
त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं,
मग विचारलं, याची हवा कुठून सोडलीस?

चार शुक्रवार अंडंच.
पाचव्याला दिसलं
की सावलीच्या पोटात, अगदी काठाला,
कापडावर सांडलेला उजेड पुन्हा वर चढतोय.
उष्टा उजेड. फिकट.
तेवढा ठेवला, तर अंडं टेकलं.
म्हणजे महिनाभर ते अधांतरी होतं
आणि मला कळलंही नव्हतं.

आमच्या दोघांत मोडकी हिंदी, तुटकं इंग्रजी, उरलेली बोटं.
मी त्यांना बाई म्हणतो.
सुरुवातीला त्यांना वाटायचं, निघाला.
आत शिरता शिरता 'बाई' म्हटलं
की त्या घड्याळाकडे बघायच्या.

मग रंग.
काळी ट्यूब त्यांनी आधीच काढून घेतली,
शाळेत गोट्या जप्त करतात तशी.
सावली काळी नसते. खिडकीशी ये.
खाली दुपारचे तीन.
पिकअपखाली निळं.
चपला शिवणाऱ्याच्या छत्रीत जांभळट.
आणि भिंतीवरच्या एसीच्या डब्यांखाली, जिथं गंज ओघळलाय,
चक्क भाजलेल्या वांग्याच्या सालीचा रंग.
याच उन्हातून मी इतकी वर्षं
मान खाली घालून चाललो होतो.
खाली घालून.

जलरंगात पांढरा नसतो.
पांढरं जे हवं ते आधीच सोडून द्यायचं.
मला सोडणं जमत नाही,
डक्टला फट राहिली तर साहेबाचा फोन येतो.
मी शीड भरलं, फेस भरला,
पाण्यावरची ती एक चमक, तीही भरून टाकली.
ऑगस्टात कागद वाळेना,
आकाश घसरून समुद्रात उतरलं
आणि मुहर्रकची होडी मधल्या मधे विरघळली.
सातव्या महिन्यात खजुराचं झाड काढलं, तो झाला खराटा.
बाई म्हणाल्या, तू झाड नाही काढलंस,
झाड हा शब्द काढलास.
मी दोन शुक्रवार गेलो नाही.

परत गेलो तर समोर टेकबहादूर,
शेजारच्या बँकेचा रखवालदार, रात्रपाळी संपवून.
हलायचं नाही, एवढीच अट.
तो हसला : त्याचाच तर पगार घेतो.
नाक चुकलं. डोळे माशाचे आले.
जबडा तिसऱ्यांदा खोडताना
कागदाला लव फुटली.
मग नुसता कान घेतला.
कान म्हणून नाही,
एक वळण, त्याच्या आत दुसरं,
खाली पाळीशी थोडा लाल उजेड, ऊन आरपार गेल्याचा.
कोळसा हातात आहे हे विसरलो.
बाई मागे कधी उभ्या राहिल्या कळलं नाही.
बोलल्या काहीच नाहीत.
कानाशेजारी पेन्सिलीनं बारीक टिंब दिलं
आणि पुढच्या मुलाकडे गेल्या.

टेकबहादूरनं उठून पाहिलं,
आपला कान चाचपला,
म्हणाला, हाच. गावी कुत्रा चावला होता, इथं.
ती खाच मी काढली होती.
मला माहीत नव्हती.

सोमवारी ऑफिसच्या जिन्यावर
कठड्याच्या सावलीत जांभळा शोधत उभा राहिलो,
साइटची मीटिंग बुडाली.

देवरुखला मुलीला फोटो पाठवला.
ऋजुतानं लगेच विचारलं :
बाबा, बाकीचा माणूस कुठाय?
येतोय, असं टाइप केलं.
पुसलं.
पेन्सिलीला टोक काढत बसलो, ब्लेडनं,
बाईंनी दाखवलं तसं,
लाकूड लांब सोलत.